हिरव्यावर बसवलेली पोर

मी खालच्या अंगाला पळत होते, समुद्राकडे. नदीत काही वाहून गेलं तर ते खालीच जाणार, हे काय कुणी शिकवावं लागतं का. एक चप्पल गाळात राहिली, दुसरी मीच फेकली, सणाची साडी गुडघ्यापर्यंत काळी झाली, आणि मी ओरडत होते सोनी, सोनी, आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. जिथं मी तिला बसवलं होतं तिथं आता नुसतं पाणी होतं. अर्ध्या तासापूर्वी तिथं पाणीच नव्हतं. काळा गाळ होता, कडेला हिरवंगार होतं, आणि त्या हिरव्यावर माझी अडीच वर्षांची पोर मांडीत टोपलं घेऊन बसली होती. मीच बसवली होती. माझ्या हातांनी उचलून, फ्रॉक नीट करून, "हलायचं नाही हं" असं सांगून. ते आधी सांगते. पुढं मी काहीही सांगितलं तरी हे विसरू नका.

पळता पळता मला मागून एका बाईचा आवाज आला. "ए गांडी, ऊपर दोड, ऊपर! भरती छे!" मला सुरतेत येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, गांडी म्हणजे वेडी एवढं कळत होतं, वर पळ म्हणतेय तेही कळलं, पण भरती म्हणजे काय ते खरंच कळलं नाही. मी आठवीपर्यंत शिकले. भूगोलात भरती-ओहोटी होती, चंद्राचं चित्रही होतं, पण ते समुद्राचं होतं. नदीचं नव्हतं. मी थांबले आणि वर पाहिलं. वर, जिथून नदी येते, जिकडे कॉजवेचा बंधारा आहे, त्या बाजूला एक हिरवा तुकडा चालला होता. खोलीएवढा असेल. सावकाश, बैलगाडीच्या चालीनं, पाण्याच्या उलट. नाही, चुकलं. पाणीच उलटं चाललं होतं. आणि त्या हिरव्याच्या मधोमध लाल फ्रॉक.

आमची तापी कधी मागे चालत नाही. माझं माहेर खानदेशात तापीच्या काठाला आहे, इथून फार वर. उन्हाळ्यात नदी बारीक झाली की माझे आबा आणि काका नदीच्या वाळूत डांगरवाडी करायचे. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. वाळूत हातभर खड्डे काढायचे, प्रत्येक खड्ड्यात ओंजळ-ओंजळ शेणखत, त्यात बी, आणि महिन्याभरात नदीच्या पोटात हिरवा गालिचा पसरायचा. आमचं सगळं लहानपण त्या गालिच्याच्या कडेला गेलं. सकाळी वाळू थंड असायची, दुपारी पाय भाजायचे. आई बाजरीची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून पाठवायची. पिकलेलं डांगर आबा गुडघ्यावर आपटून फोडायचे आणि त्याचा वास वाऱ्यावर जायचा तसे आजूबाजूच्या वाड्यांतले कुत्रेसुद्धा यायचे. आबांचा एक नियम होता. नदीतली ओली वाळू कधी कधी पाय ओढून घेते. मग आबा म्हणायचे, हिरवं दिसेल तिथं पाय टाका, वेलाच्या मुळ्यांनी वाळू धरून ठेवलेली असते, ती तुम्हालाही धरेल. आणि आमचं काम होतं राखण. कावळे, कोल्हे, कुणाची शेरडं येतात, म्हणून वेलांच्या मधे बसायचं. राखण करणाऱ्यानं उठायचं नाही, उठला की वेल तुटतो. जो जास्त वेळ बसेल तो राखणदार, त्याला पहिली फोड.

हा खेळ मी सोनीला शिकवला होता. सुरतेतली आमची खोली दहा बाय दहाची, नदीकाठच्या वस्तीत. मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायचे, गोंदाची वाटी उघडी, जमिनीवर साडी पसरलेली, आणि पोर चालायला लागलेली. ती साडीवर येऊ नये म्हणून मी तिला गोधडीवर बसवायचे आणि म्हणायचे, सोनी, राखण कर. ती इतकी मन लावून राखण करायची की तिच्या नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, "पोर कसली, बुजगावणं शे हे." पण मला अभिमान वाटायचा. माझ्या आबांच्या वाडीतलं काहीतरी दहा बाय दहाच्या खोलीत आलं होतं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी जाता आलं नाही. खानदेशातल्या बाईला आखाजीला माहेर नाही म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. झोके असतात, गाणी असतात, मैत्रिणी असतात. पण सासूबाईंचा गुडघा धरला होता, आणि सोनीचे पप्पा भेस्तानच्या बाजूला रंगाईच्या मिलमध्ये, लग्नसराईचं काम, एक दिवसही सुट्टी नाही. मी रडले नाही. मी टोपलीत माती भरली, गहू पेरले, गौराई बसवली, इथंच खोलीत, फ्रिजच्या शेजारी. गहू चांगले वीतभर आले. सणाच्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, आमरस केला, पितरांची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलं. सुरतेच्या बाजारातलं डांगर, वास नव्हता त्याला. पण ठेवलं. आणि दुपारी गौराईचं टोपलं काखेत, सोनी कडेवर, अशी मी गौराई शिळवायला, विसर्जन करायला, नदीवर निघाले. सासूबाई म्हणाल्या, "नळाखाले शिळवी दे व माय, नदी काय जवळ शे का." मी म्हटलं, आत्याबाई, आपलीच तापी आहे. पाच मिनिटांवर आहे.

आपलीच तापी. हे मी तीन वर्षं म्हणत होते. वस्तीतल्या सगळ्या खानदेशी बायका म्हणायच्या. ओडिशाच्या, बिहारच्या बायकांना ती परकी नदी होती, आम्हाला ती माहेराहून आलेली होती. म्हणून आम्हीच तिला सगळ्यात कमी घाबरायचो.

बंधाऱ्याच्या खाली मी उतरले तेव्हा तीन वाजले असतील. पाणी फार लांब गेलेलं, मधे नुसता गाळ, काळा, चकचकीत, सडक्या अंड्यासारखा वास. एक नाला तिथंच येऊन मिळतो, त्याचं पाणी राखाडी, वर फेस. मला वाटलं उन्हाळा आहे, नदी आटली, जशी आमच्याकडे आटते. आणि गाळाच्या कडेला, नदीत, तो हिरवा गालिचा. गोल गोल जाड पानं, जांभळी फुलं, मधे गवतही उगवलेलं. त्यात कुठल्या तरी देवाचा जुना लाकडी पाट अडकलेला, केळीचे खुंट, थर्माकोल. डांगरवाडी नव्हती, एवढं मला कळत होतं, मी काय आंधळी नाही. पण डोळ्यांना कळणं वेगळं आणि पायांना कळणं वेगळं. पायांना आबांचा नियम माहीत होता. गाळात पाय पिंढरीपर्यंत जात होता, हिरव्यावर टाकला तर थोडा दबला आणि धरला. मी सोनीला त्या पाटावर बसवलं, टोपलं तिच्या मांडीत दिलं, म्हटलं, "सोनी, गौराईची राखण कर, मी तांब्या घेऊन येते." तांब्या मी वर पायऱ्यांवर विसरले होते. विसर्जनाआधी पाणी दाखवायचं होतं. वर गेले. तिथं एक ओळखीची भाजीवाली भेटली, तिनं विचारलं मंगल, माहेरी नाही गेली का, आणि मी तिच्यापाशी ते सगळं रडगाणं बोलत बसले जे घरी रडले नव्हते. किती वेळ, मला माहीत नाही. वळले तेव्हा गाळ नव्हता.

ज्या बाईनं मला वेडी म्हटलं ती जमनामासी. तेव्हा नाव माहीत नव्हतं. सत्तरीची, वाळलेली, साडीचा काष्टा मारलेला, अंगभर गाळ. ती गाळात एका फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायानं ढकलत, घसरगुंडीसारखी, मासे हातानं पकडत फिरायची. पाणी यायला लागलं तशी ती वर आली होती आणि तिनं हिरव्यावरचा लाल फ्रॉक पाहिला होता. मी तिच्याकडे धावले, तिच्या शेजारून पाण्यात शिरायला गेले, तर तिनं माझी वेणी धरली. हात नाही, वेणी. तिच्या गुजरातीतलं मला त्या वेळी निम्मंच कळलं, पण अर्थ असा होता, तू पाण्यात गेलीस तर गाळ तुला कमरेपर्यंत घेईल आणि पोर तुला बघून उडी मारेल. दोन मरतील. इथं थांब.

मी म्हटलं, होडी. तुझी होडी असेल ना. होती. वीस पावलांवर होती, गाळात रुतून बसलेली, भोपळ्यासारखी. मासी म्हणाली, पाणी तिला उचलेल तेव्हाच ती हलेल. पूर्वी इथं ओहोटीलाही कमरेएवढं पाणी असायचं, होडी कधीही काढा. वरून नदी यायची आणि गाळ समुद्रात ढकलून द्यायची. आता वर धरण, इथं बंधारा, उन्हाळाभर गोड पाणी इथं खाली येतच नाही, मग गाळाला कोण ढकलणार, समुद्र आणतो आणि टाकून जातो. हे तिनं तेव्हा सगळं नाही सांगितलं, नंतर सांगितलं, माझ्या डोक्यात ते तिथंच जाऊन बसलंय. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "थोभी जा. पाणी एकदा उभं राहील. तोवर तिला बसव. तुझं काम तेवढंच. बसव तिला."

पोरगी उठायच्या बेतात होती. मला दिसत होतं. तिनं एक हात पाटावर टेकला होता आणि माझ्याकडे बघत होती. आमच्यामधे शंभर हात पाणी. मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो आबांचा. "सोनी, राखण." मी ओरडले नाही, हाक मारल्यासारखं म्हटलं, जसं वाडीतून या कडेची त्या कडेला मारतात, लांबवून. "राखणदार कोण गं?" मग तिनं टेकलेला हात उचलला, टोपल्यावर ठेवला, आणि बसली.

मी काठानं चालत राहिले, तिच्या बरोबरीनं, वरच्या बाजूला. ती नदीत, मी गाळाच्या कडेनं. गवत, काचा, पाय फाटले, ते रात्री कळलं. मी बोलत राहिले. काय बोलले सगळं आठवत नाही. कावळा आला का बघ म्हटलं. कोल्हा येतोय, हलू नको म्हटलं. आखाजीची झोक्याची गाणी म्हटली, जी त्या दिवशी मी माहेरी म्हणणार होते ती, एकामागून एक. पुलावरून लोक बघत होते, कुणी मोबाईल काढला होता, कुणी म्हणत होतं फायर ब्रिगेडला फोन करा, कुणी केलाही असेल. आणि खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या मधोमध, जिथं जीव फुटायचा बाकी होता, तिथं मी नदीकडे पाहिलं आणि माझा श्वास वेगळ्याच कारणानं अडकला. एवढं मोठं पाणी. आवाज नाही, लाट नाही. समुद्र इथून कितीतरी कोस लांब, हजीऱ्याच्या पलीकडे, मी तो कधी पाहिलाही नव्हता, आणि तो तिथून उठून माझ्या नदीतून चालत आला होता, नाल्याचा फेस, प्लास्टिक, जलकुंभीचं ते हिरवं, माझी पोर, सगळं तळहातावर घेऊन. हनुवटीपर्यंत भरलेली नदी मागे मागे चालली होती आणि सोनी तिच्यावर राणीसारखी बसली होती. देव मला माफ करो, मला ते सुंदर दिसलं.

बंधाऱ्याच्या अलीकडे एक वळण आहे. तिथं तो हिरवा तुकडा हळू झाला, फिरला, थांबला. मासी म्हणाली होती तसं. पाणी उभं राहिलं. नदी उभी राहिलेली तुम्ही पाहिली आहे का. ना इकडे ना तिकडे, जसं कुणी दाराशी येऊन विचार करतंय आत जाऊ का नको. मागून काठीचा आवाज आला, मासीची होडी उचलली गेली होती, ती काठीनं रेटत येत होती. मला म्हणाली चढ, आडवी पड, उभी राहू नको. मी आडवी पडले. होडीत मेलेल्या माशांचा वास, माझं तोंड फळीला लागलेलं. आम्ही हिरव्याला लागलो. मासीनं काठी आत खुपसली तर ती सरळ खाली गेली, तळ नाही, कुठंच मूळ रोवलेलं नाही, सगळी मुळं पाण्यात लोंबणारी, काळी, केसांसारखी. आबांचा वेल वाळू धरायचा. या वेलानं काहीच धरलं नव्हतं. तो पाट आणि ते केळीचे खुंट, तेवढ्यावर माझी पोर तरली होती. मी हात लांब केला आणि तिच्या फ्रॉकची पाठ पकडली.

होडीत आल्यावर ती रडली नाही. रागावली. "टोपलं राह्यलं," म्हणाली. मासीनं टोपलं काढून दिलं. मग म्हणाली, "मी हलली नाही." मी म्हटलं नाही हलली गं माझी माय. मग ती बंधाऱ्याकडे बोट करून म्हणाली, "आई, नदी नानीकडे चालली होती." माझ्या आईकडे. वरच्या बाजूला. तिला मी नेहमी सांगायचे ना, ही नदी नानीच्या गावाहून येते.

मासीनं आम्हाला तिच्या झोपडीसमोर बसवलं, चहा दिला, सोनीला बशीत. तोवर पाणी परत निघालं होतं, या वेळी खाली, आणि गाळ उघडा पडायला लागला. त्यात मी पहिल्यांदा लेवटा पाहिला. बोटाएवढा मासा, डोळे डोक्याच्या वर, आणि गाळावर चालतोय. मासा चालतोय. थांबतो, इकडे तिकडे बघतो, टुणकन उडी मारतो. मी इतकी थकले होते की मला वाटलं मला भास होतोय. सोनी टाळ्या वाजवत होती. मासी म्हणाली, "हे एवढेच उरले. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची." ती पकडायची तेच हे. पावसाळ्यात समुद्रातून चांदीसारखे मासे अंडी घालायला गोड पाण्यात वर जायचे, रात्रभर जाळं ओढायचो, म्हणाली. आता बंधारा आडवा, आणि खालचं पाणी असं. पहाटे कधी कधी मासे वर तोंड काढून आ-आ करतात, पाण्यात त्यांचा जीव कोंडतो. लोक बादल्या घेऊन धावतात, देवीनं दिलं म्हणतात.

मी विचारलं, मग हे हिरवं इतकं कसं माजतं, नदीत अन्न नाही तर. ती हसली. "अन्न नाही? अगं सगळ्या शहराचं संडास, साबण, न्हाणी, चलथाणकडच्या उसाचं खत, मिलचं पाणी, कुणाचं येत नाही इथं? खा खा खाऊन माजलीय ही जलकुंभी." आणि मला एकदम कळलं. मला भरती-ओहोटी कळत नव्हती, पण हे कळत होतं. एका वर्षी माझ्या काकानं हावेपोटी खड्ड्यात दुप्पट खत घातलं होतं. वेल असे आले की बघत राहावं, पानं थाळीएवढी, आणि डांगर एक नाही. आबा म्हणाले होते, पोट भरून खायला दिलं आणि प्यायला पाणी दिलं नाही तर माणूसही असाच फुगतो. तेव्हा काकाला ते लागलं होतं, दोन दिवस जेवला नव्हता. मी मासीच्या दारात बसून त्या नदीकडे बघत राहिले. जी पोरगी माझी वाचली ती त्या फुगवट्यावर बसून फिरून आली होती.

सोनी आता सातवीत आहे, गुजराती शाळेत. मला शिकवते. म्हणते मम्मी, जिथं गोडं आणि खारं पाणी मिळतं ना, तिथं सगळ्यात जास्त जीव जन्मतात, म्हणून तिथलं पाणी ताजं पाहिजे. पुस्तकात चित्र आहे, बाणांचं. मी बघते आणि हो म्हणते. माझ्या पायांना ते बाण माहीत आहेत.

त्या दिवशी घरी मी सगळं सांगितलं. लपवता आलं नसतं, साडी तशी, पाय तसे. सोनीचे पप्पा मिलमधून आले, हातांना निळा रंग, आणि उभेच राहिले. मला वाटलं मारतील. ते मारणारे नाहीत, पण मला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुले काय व्हयनं व्हतं? पोरले नदीत बसाडी उनी?" पोरीला नदीत बसवून आलीस, एवढंच विचारलं. मग खाली बसले आणि सोनीचे पाय धरून बसले, निळ्या हातांनी. म्हणाले, आजपासून नदीचं नाव नाही. दाराला वरून कडी. मी हो म्हटलं. मला स्वतःलाच भीती वाटत होती. मला नंतर कितीतरी दिवस भरल्या बादलीकडे बघवत नव्हतं.

पण सोनीला भीती वाटत नव्हती. तोच घोर होता. ती उठली की म्हणायची, नदीत राखण करायला जायचं. दाराला कडी लावली, तर एके दिवशी मी गोंद ढवळत होते आणि मागे काही सरकल्याचा आवाज आला. तिनं पाण्याचा डबा दाराशी ढकलत नेला होता, त्याच्यावर चढली होती, आणि तिचं बोट कडीपासून चार अंगुळं खाली होतं. चार अंगुळं. पोरं तेवढी किती दिवसांत वाढतात.

मी मासीकडे गेले, कुणाला न सांगता, सोनीला सासूबाईंजवळ ठेवून. पाऊस लागला होता, वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि बंधाऱ्यावरून ते खाली पडत होतं. मासी काठावर उभी होती, कमरेवर हात. तिनं मला नुसतं बोटानं दाखवलं. पाणी तांबूस होतं. सुरतेचं नव्हे ते पाणी, इथली माती राखाडी आहे. ते आमच्याकडचं होतं, त्या रंगात मी पाय धुतलेत. कुठल्या कुठल्या शेतांची, बांधांची, कदाचित आबांच्या वाडीचीही माती, एवढ्या लांबून चालत आली होती आणि ती हिरव्याला ढकलत होती. खोलीएवढे तुकडे, अंगणाएवढे तुकडे, फिरत फिरत खाली चालले होते, समुद्राकडे. मासी म्हणाली, खाली खाऱ्यात गेलं की पानं कडेकडेनं जळतात, चार दिवसांत काळी पडतात. मी म्हटलं, मग झालं ना, नदी बरी झाली. ती म्हणाली, "एक दिवस पोटभर पाणी प्यायलं म्हणजे बरी झाली का? नाला तर चालूच आहे." पण ती हसत होती. आणि काही दिवसांनी मी परत गेले तेव्हा गाळाचा वास बदलला होता. ओल्या मातीचा येत होता. आणि लेवटे. मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. सगळा गाळ डोळ्यांनी भरला होता, बारीक बारीक, वर बघणारे, आणि मी काठावर एकटी उभी, तोंडावर हात.

मी मासीला कडीचं सांगितलं, तर ती म्हणाली, पोरीला घेऊन ये. अमावस्येला, मोठी भरती असते. तिला दाखवते, पाणी कसं येतं, कुठून येतं, कुठं उभं राहतं, कुठं पाय टाकायचा. हिरव्यावर नाही टाकायचा हे तिला तू खोलीत बसून सांगशील का. मी म्हटलं, मासी, माझा नवरा मला घराबाहेर काढेल. ती म्हणाली, काढू दे, माझ्याकडे जागा आहे. मग गंभीर झाली. "दीकरी, नदी पाच मिनिटांवर आहे. कडी चार बोटांवर."

अमावस्या आली. सोनीचे पप्पा मिलवर गेले. सोनीनं दुपारी स्वतःच चपला घातल्या, उलट्या, डावी उजव्या पायात, आणि दाराशी बसली, गप, राखणीला बसते तशी. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या होत्या, पण त्या झोपल्या नव्हत्या, झोपल्या की त्यांचा श्वास वाजतो. माझ्या डोळ्यांपुढे एकीकडे तो लाल फ्रॉक होता आणि एकीकडे ती चार अंगुळं. मी उठले. मागून सासूबाई भिंतीलाच म्हणाल्या, "पोरना हात सोडू नको. आनि दिवा लावाआधी ये."

मी कडी काढली. पोर मोठी झाली आहे, पोहते, मला भरतीच्या वेळा सांगते, म्हणून आज मला ते बरोबर वाटतं. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. त्या दुपारी नुसतं दार होतं, आणि पाच मिनिटांवर उलटं चालत येणारं पाणी, आणि जिनं एकदा पोर त्या पाण्यावर बसवली होती तिचाच हात कडीवर. तुमचा असता, तर तुम्ही काय केलं असतं?